गाय उलटते, करडं पावसात जातात: कोकणातल्या गोठ्याला प्रजननाच्या संशोधनातून काय घेता येईल?

सड्यावरची:

नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यात सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, आमची वाडी. बहुतेक घरांत दोन-तीन गुरं, चार-सहा शेळ्या. सध्या दारोदारी एकच विषय चालू आहे. गाय भरवली, तरी उलटते, म्हणजे गाभ न राहता पुन्हा माजावर येते. कोणी कांडीला (कृत्रिम रेतनाच्या वीर्याच्या नळीला) दोष देतं, कोणी डॉक्टरांना, आणि शेवटी गाय विकायला निघते. शेळ्यांचं दुखणं वेगळं. त्या गाभण राहतात, पण ऐन जुलैत व्यायल्या की करडं खोकून खोकून जातात.

जमेल तसं या विषयावरचं वाचते आहे. एक गोष्ट सारखी जाणवते. गायींवरचं बरंचसं काम भरपूर दूध देणाऱ्या, दावणीला भरपेट खाणाऱ्या गायींवर झालेलं आहे. आमची गाय लहान चणीची, वर्षातले सात-आठ महिने पेंढ्यावर जगणारी, आणि वासरू दिवसभर तिच्या कासेला. तिचं गणित तेच कसं असेल?

माझं मत स्पष्ट आहे. कांडी बदलण्याआधी गायीच्या पोटात काय जातं ते बघायला हवं. आपली जमीन जांभ्याची. ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस दर वर्षी कॅल्शियम धुऊन नेतो. माती आम्लधर्मी, आणि तिच्यातलं लोह आणि ॲल्युमिनियम फॉस्फरसला धरून ठेवतं, झाडाला सुटू देत नाही. मातीत नाही तर गवतात नाही, गवतात नाही तर गायीत नाही. वर मुख्य खाणं भाताचा पेंढा. त्यात प्रथिनं नावाला, फॉस्फरस कमी, आणि ऑक्झलेट असल्यामुळे आहे ते कॅल्शियमही नीट अंगी लागत नाही. फॉस्फरस कमी पडला की माज लांबतो, मुका होतो (बाहेरून लक्षणंच दिसत नाहीत), नाहीतर येतच नाही, हे पशुवैद्यकात जुनं आणि पक्कं निरीक्षण आहे. म्हणून उलटणाऱ्या प्रत्येक गायीमागे "गर्भाशयात घाण झाली असेल" हाच तर्क मला पटत नाही.

दुसरं, वासराचं चोखणं. वासरू सतत कासेला असलं की गायीच्या मेंदूतून बीजांडकोशाला जाणारे इशारे दबून राहतात आणि विण्यानंतरचा पहिला माज पुढे ढकलला जातो. ज्या गायींची वासरं पाठीमागेच फिरतात, त्यांच्यावरच्या प्रयोगांत एक फार विलक्षण गोष्ट दिसली. परक्या वासराने चोखलं तर हा परिणाम तेवढा होत नाही. स्वतःचं वासरू बघून, हुंगून ओळखलं की होतो. म्हणजे सगळा खेळ नुसत्या दुधाचा नाही, आईच्या ओळखीचा आहे. मला हे वाचून गायीकडे बघण्याची नजरच बदलल्यासारखं झालं.

इथे डॉक्टर आहेत, जुने जाणते आहेत. आपापला अनुभव आणि माहिती टाका. विशेषतः माजाच्या वेळेबद्दल आणि शेळ्यांबद्दल.

तळकोकणी:

ताई, बरा केलास ह्यो धागो काढलस तो. आमच्याकडे पण तसाच असा. गाय सांजवेळाक हंबराक लागता, तेव्हा दवाखानो बंद. दुसऱ्या दिसा दुपारी कोण तरी येतत. तवसर गाय थंड. आणि एक इचारूचा होता. रेतन केल्यावर दोन दिसांनी रगत दिसला तर लोक म्हणतत गाय उलटली. खरा काय?

पडवीतला डॉक्टर:

सड्यावरची ताई, खनिजांबद्दल पूर्ण सहमत. माजाच्या वेळेबद्दल सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते निम्मी लढाई इथेच हरली जाते.

गायीचं चक्र साधारण २१ दिवसांचं, १८ ते २४ मध्ये कुठेही. माज १२ ते १८ तास टिकतो, पण देशी गायीत तो त्याहून आखूड असतो, लक्षणं सौम्य असतात आणि बऱ्याचदा रात्रीच येऊन जातो. कोकणातल्या दमट उकाड्यात तर जास्तच. बीज सुटतं ते माज संपल्यावर १० ते १२ तासांनी, आणि सुटल्यावर फार थोडे तास जिवंत राहतं. गोठवलेल्या वीर्यातले शुक्राणूही आत गेल्यावर फार तर दिवसभर टिकतात. या दोघांची गाठ पडायला हवी. त्यावरूनच तो नियम आला: सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. अमेरिकेत नेब्रास्कामध्ये ट्रिम्बर्गर यांनी १९४० च्या दशकात केलेल्या निरीक्षणांतून तो आला आणि अजून उपयोगी पडतो.

तळकोकणीदादा, तुमची गाय सांजेला हंबरली तर दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ योग्यच आहे, दुपार उशिराची. पण ती सांजेला हंबरली म्हणजे माज तेव्हाच सुरू झाला असं नाही. कदाचित पहाटेच सुरू झाला असेल आणि ती रानात होती. हंबरण्यापेक्षा खात्रीची खूण म्हणजे दुसरं गुरू अंगावर चढलं तरी गाय हलत नाही, उभी राहते. त्यासाठी पहाटे आणि रात्री झोपण्यापूर्वी, दोन्ही वेळा गोठ्यात थोडा वेळ शांत थांबून बघावं. बसलेल्या गायीच्या मागे काचेसारखा स्वच्छ, लोंबणारा चिकट स्राव, म्हणजे सोट, दिसतो का तेही बघा. सोट पांढरट किंवा पिवळट असेल तर रेतन न करता आधी तपासणी.

आता रक्त. माज संपल्यावर एक ते तीन दिवसांत थोडं रक्त दिसणं नैसर्गिक आहे, कालवडींत जास्त. त्यावरून गाभ राहिला की नाही, काहीच ठरत नाही. एवढंच कळतं की माज येऊन गेला. रेतन न झालेल्या गायीत असं रक्त दिसलं तर तारीख लिहून ठेवा आणि तिथून १८-१९ दिवसांनी डोळ्यांत तेल घालून बघा. निसटलेला माज पुढच्या वेळी पकडायला याहून सोपं साधन नाही.

चुलीजवळ:

वाचनखूण साठवली. डॉक्टर, आमच्या गावात सगळ्या गायींना एकदम इंजेक्शनं देऊन माजावर आणायचं शिबिर घ्यायचं चाललंय. घ्यावं का? आणि फक्त कालवडीच होणाऱ्या कांड्या मिळतात म्हणे, त्या खऱ्या का?

पडवीतला डॉक्टर:

शिबिर वाईट नाही, पण आधी प्रत्येक गाय तपासलेली हवी. रूढ पद्धत ओव्हसिंक. ती १९९५ मध्ये विस्कॉन्सिनच्या संशोधकांनी मांडली. आधी जीएनआरएच (बीज सुटायला लावणारं संप्रेरक), त्यानंतर सात दिवसांनी प्रोस्टाग्लँडिन (पुढचा माज आणणारं), आणखी दोन दिवसांनी पुन्हा जीएनआरएच, आणि त्यानंतर १६ ते २० तासांनी, माज दिसो न दिसो, रेतन. माज ओळखण्याचा प्रश्नच त्यातून निघून जातो. पण हाडं दिसणारी, बीजांडकोश निद्रिस्त असलेली गाय नुसत्या या इंजेक्शनांनी फारशी गाभण राहत नाही. तिला आधी दोन महिने खाऊ घाला.

आणि हे ठळक अक्षरांत वाचा: प्रोस्टाग्लँडिन गाभण जनावराला गेलं तर गर्भ पडतो. शेळीत तर गाभणपणाच्या कुठल्याही टप्प्यावर, कारण तिचा गर्भ शेवटपर्यंत बीजांडकोशावरच्या पीतपिंडाच्या (बीज सुटल्यावर तिथे तयार होणाऱ्या, गर्भ टिकवणाऱ्या गाठीच्या) आधारावर असतो. म्हणून "कुणी तरी कुपी दिली, आम्हीच टोचली" हा प्रकार पूर्ण बंद. हे औषध माणसाच्या कातडीतूनही आत जातं. गरोदर बायकांनी आणि दम्याच्या रुग्णांनी त्याला हातच लावू नये.

लिंगनिर्धारित कांड्या खऱ्या आहेत. मादीचं गुणसूत्र वाहणाऱ्या शुक्राणूत डीएनए सुमारे ४ टक्के जास्त असतो, तेवढ्या फरकावर यंत्र ते वेगळे काढतं. ९० टक्क्यांच्या आसपास कालवडी होतात. मात्र साध्या कांडीत २ कोटी शुक्राणू भरतात, या कांडीत त्याच्या पाव भागाहूनही कमी, आणि यंत्रातून जाताना ते थकतात. त्यामुळे गर्भधारणा कमी. निरोगी, नियमित माजावर येणाऱ्या कालवडीला वापरा. उलटणाऱ्या गायीवर ती कांडी वाया घालवू नका.

दाभोळखाडी:

शेळ्यांबद्दल मी लिहितो. आम्ही बरीच वर्षं शेळ्या पाळतो, आणि पावसातली करडांची मर ही औषधाने सुटणारी गोष्ट नाही, ती तारखेने सुटते.

शेळी १५० दिवसांत विते. म्हणजे जून ते ऑगस्टमध्ये जी व्याली ती जानेवारी ते मार्चमध्ये फळलेली. भात कापल्यावर शेळ्या मोकळ्या सुटतात, दोन महिने चांगलं खातात, अंग धरतात आणि जानेवारीत माजावर येतात. बोकड कळपातच असतो. हे थांबवायचं तर त्या तीन महिन्यांत बोकड वेगळा. नुसता दाव्याने बांधून नाही, वास आणि आवाज पोचणार नाही इतका लांब. दुसऱ्या वाडीत ठेवता आला तर उत्तम. तेवढं जमत नसेल तर बोकडाच्या पोटाखाली जाड फडकं बांधायचं.

यात आणखी एक फायदा आहे, आणि तो संशोधनानेही पक्का झालाय. माजावर नसलेल्या शेळ्यांपासून महिनाभर लांब ठेवलेला बोकड एकदम कळपात आणला की त्याच्या वासाने थोड्याच दिवसांत बऱ्याच शेळ्या मागोमाग माजावर येतात. इंजेक्शन नाही, खर्च नाही. आम्ही मेच्या मध्यावर सोडतो. करडं ऑक्टोबर-नोव्हेंबरात. पाऊस ओसरलेला, गवत उभं, शेळीला दूध भरपूर. फक्त मेमध्ये शेळ्या सुकलेल्या असतात, म्हणून बोकड सोडायच्या आधी दोन-तीन आठवडे रोज पाव किलोपर्यंत भरडा हळूहळू वाढवत द्यायचा आणि फणसाचा पाला. जुळ्यांचं प्रमाण यानेच वाढतं.

आणि एक बोकड दोन वर्षांहून जास्त ठेवू नका. त्याच्याच पाटी (त्याच्यापासून झालेल्या तरुण शेळ्या) फळायला येतात. दुबळी करडं का होतात, असं विचारणाऱ्यांच्या घरी आधी बोकडाचं वय विचारावं.

परळचा विद्यार्थी:

दाभोळखाडी काका, फार सुंदर माहिती. मी मुंबईच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकतो (परळचं, १८८६ सालचं). शेळीतल्या कृत्रिम रेतनाबद्दल थोडी भर घालतो, कारण "गायीला होतं तर शेळीला का नाही" असं गावी नेहमी विचारतात.

कारणं दोन. एक, शरीररचना. गायीत आपण गुदद्वारातून हात घालून गर्भाशयाची मान धरतो आणि नळी आत सरकवतो. शेळीत हात जात नाही, आणि मान वेड्यावाकड्या कड्यांची. दिवा लावलेल्या नळीने बघत, मिळेल तितकं खोल वीर्य सोडावं लागतं.

दुसरं कारण बोकडाच्या वीर्यातच आहे. वीर्य गोठवताना अंड्याचा बलक घालतात, तो शुक्राणूंना थंडीपासून जपतो. पण बोकडाच्या एका ग्रंथीतून असं विकर येतं की ते बलकाशी क्रिया करून त्याच्या गुठळ्या करतं आणि शुक्राणू मारतं. हे १९५७ साली ए. रॉय या भारतीय संशोधकाने 'नेचर'मध्ये दाखवून दिलं. तेव्हापासून वीर्य धुऊन त्यातला द्रव काढणं, बलक कमी वापरणं, असे उपाय निघाले. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने आपल्याच राज्यात शेळ्यांच्या गोठवलेल्या वीर्यावर काम केलंय. कोकण कन्याळसारख्या जातीसाठी हे फार मोलाचं ठरेल. चांगला बोकड एका कळपापुरता न राहता अख्ख्या सिंधुदुर्गात पोचेल.

एक छोटी गोष्ट बोकडाबद्दल. शुक्राणू तयार व्हायला बोकडात साधारण दीड महिना लागतो, वळूत दोन महिने. बोकडाला कडक ताप येऊन गेला तर तो उठून चरायला लागला तरी पुढचा दीड-दोन महिने त्याच्यावर भरवसा ठेवू नये.

जुना राखण्या:

सगळ्यांचं वाचलं. माझं दुखणं वेगळं आहे. आमच्या लहानपणी सड्यावर गुरांबरोबर वळू असायचाच. माज कधी, सकाळी की सांजेला, हे कोणी बघत नव्हतं, वळूला कळायचं. मग गावचे सगळे वळू खच्ची केले आणि कांडी आली. कांडी कसली, तर मोठ्या गायींची. आमची गाय कमरेएवढी. तिच्या पोटात मोठं वासरू अडलेलं मी डोळ्यांनी बघितलंय. कोकण कपिला म्हणून आता सरकारी दप्तरात जात नोंदली, चांगलं झालं. पण गावात तिचा वळू दाखवा मला.

दुधाची किटली:

काका, तुमच्याबद्दल आदर ठेवून वेगळं मत मांडतो. माझं घर जर्सी संकरित गायींवर चालतं. कोकण कपिला लिटर-दीड लिटरवर थांबते. मुलांची फी त्यात निघत नाही. संकर वाईट नाही, न बघता केलेला संकर वाईट. माझ्याकडे चाऱ्याची सोय आहे, गायी दावणीला आहेत, पंखा आहे. ज्याच्याकडे हे नाही त्याने संकरित गाय आणू नये, इतपत मी मानतो. पण देशीच पाळा असा आग्रह धरला तर तरुण पोरं गोठाच बंद करतील.

जुना राखण्या:

तुझं खरं आहे बाबा, पोट आधी. मी दुधाच्या गायीला नको म्हणत नाही. पण जी गाय नांगराला बैल देते, कातळावरच्या गवतावर जगते, आजारी पडत नाही, तिला तिच्याच जातीची कांडी मिळावी. सिंधुदुर्गात निळेलीला कृषी विद्यापीठाचं केंद्र आहे, तिथे या गुरांवर काम होतं. ते आमच्या वाडीपर्यंत यावं, एवढंच मागणं.

पडवीतला डॉक्टर:

दोघांच्याही मताला जागा आहे, पण पहिल्या वेताच्या लहान गायीला होल्स्टिनसारख्या मोठ्या जातीची कांडी लावू नका. ही मतमतांतराची गोष्ट नाही, गाय आणि वासरू दोघांच्या जिवाची आहे. आणि मोकाट वळू हवा म्हणणाऱ्यांसाठी: एकच वळू वर्षानुवर्षं राहिला की तो आपल्याच मुलींवर जातो, आणि ट्रायकोमोनास, कॅम्पायलोबॅक्टरसारखे उलटायला लावणारे रोग एका गायीकडून दुसरीकडे नेतो. वळू ठेवायचा तर तपासून आणि बदलत.

कुडाळकरीण:

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय. आमची गाय काल गाभडली, सातवा महिना होता. वार अजून पडली नाही. शेजारच्या काकी म्हणतात हात घालून काढूया. शेजारच्या गोठ्यातली पण गेल्या महिन्यात अशीच गेली. काय करू?

पडवीतला डॉक्टर:

ताई, हात घालायचा नाही. आज, आत्ता दवाखान्यात फोन करा.

दोन गोठ्यांत लागोपाठ शेवटच्या महिन्यांतले गर्भपात म्हणजे ब्रुसेलोसिसचा संशय धरूनच वागायचं. हा रोग माणसाला होतो. महिनोन् महिने येणारा-जाणारा ताप, सांधेदुखी, पुरुषांत वृषणाला सूज. गर्भ, वार, पाणी, सगळ्यात जंतू ठासून भरलेले असतात. हातमोजे घालून, तोंडाला फडकं बांधून चुना टाकून खोल पुरा, कुत्र्यांना ओढू देऊ नका. गाय वेगळी बांधा. दूध उकळल्याशिवाय कोणीही घेऊ नये. घरात कोणी गरोदर असेल तर तिला गोठ्यात पाठवू नका. गायीचं रक्त तपासायला द्या आणि लेप्टोचीही (लेप्टोस्पायरोसिसची) चाचणी सांगा. सिंधुदुर्गात माणसांना होणारा लेप्टो आपल्याला माहीत आहे, तोच जंतू गुरांत गर्भ पाडतो.

बाकी सगळ्यांना: ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना ब्रुसेलाची एस-१९ लस एकदाच द्यायची असते. २०१९ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात ती दिली जाते. नर वासरांना नाही, गाभण गायींना नाही. लस जिवंत जंतूची आहे, टोचताना सुई आपल्याला लागली तर लगेच डॉक्टर गाठा.

कुडाळकरीण:

डॉक्टर येऊन गेले. रक्त घेतलंय, गायीला औषध सुरू आहे. काकींनी आणि मी दोघींनी काल हातमोज्याशिवाय साफसफाई केली होती, त्यांनी आम्हालाही तपासायला सांगितलंय. शेजारच्यांनाही हा धागा वाचून दाखवला. आभार.

सड्यावरची:

कुडाळकरीण ताई, तपासणी नक्की करून घ्या, पुढे ढकलू नका. निकाल आला की इथे कळवा, आम्हा सगळ्यांना काळजी आहे.

डॉक्टर, शेवटचं विचारते. वाडीतल्या पाच घरांनी मिळून खनिज मिश्रण आणायचं ठरवलंय. किती द्यायचं? आणि वासरू तोडायचं नाही, पण दिवसातून दोनदाच सोडलं तर चालेल ना?

पडवीतला डॉक्टर:

मोठ्या गायीला रोज ३० ते ५० ग्रॅम, शेळीला ५ ते १० ग्रॅम, भरड्यात किंवा पेजेत कालवून. नुसतं मीठ म्हणजे खनिज मिश्रण नाही, पिशवीवर फॉस्फरसचं प्रमाण वाचून घ्या. फरक दिसायला दोन-तीन महिने जातील, पंधरा दिवसांत सोडून देऊ नका. वासरू पहिला महिना पोटभर पिऊ द्या, मग सकाळ-संध्याकाळ सोडा आणि मधल्या वेळात गायीच्या नजरेआड बांधा. त्याच्यासमोर कोवळं गवत हवं. विल्यानंतर दोन महिने झाल्याशिवाय गाय भरवू नका, गर्भाशय पूर्ववत व्हायला दीड महिना तरी लागतो. तीन महिने झाले आणि माज दिसलाच नाही, तर मला किंवा जवळच्या दवाखान्याला दाखवा.

तळकोकणी:

डाक्टरानू, आमच्या वाडीतली पण सात घरा तयार हत. ताई, मिश्रण खयसून आणतास ता हय लिवा, एकत्रच मागवया.